काढेबाईंच्या घरी सुकलेला पाला

काढेबाईंना काढेबाई म्हटलेलं खपत नसे. काढा उकळून करतात आणि आपण काही उकळत नाही. आपण पाला मद्यार्कात भिजत घालतो, गाळतो, आटवतो आणि तळाशी जे उरतं त्याला अर्क म्हणतात, असं त्या समोरच्याला बजावून सांगत. समोरचा मान डोलवून ऐकून घेई आणि पाठ वळली की पुन्हा काढेबाईच म्हणे. संस्थेच्या फाटकावरच्या पहारेकऱ्यापासून थेट संचालकांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी हेच नाव बसलं होतं. तेव्हा आपणही तेच वापरू. पाठीमागून बोलायला आपल्याला कोण अडवतंय?

बाईंचं काम सांगायला सोपं होतं. फ्लूच्या विषाणूला आवरेल असं एखादं द्रव्य औषधी वनस्पतींमध्ये सापडतं का, हे शोधायचं. त्यासाठी त्यांच्याकडे पंज्याएवढ्या प्लास्टिकच्या थाळ्या होत्या आणि प्रत्येक थाळीत बारीक बारीक खळगे. खळग्याच्या तळाशी जिवंत पेशींचा पातळ थर असे. त्यावर विषाणू सोडायचा, सोबत अर्काचा थेंब घालायचा, दोन-तीन दिवस वाट बघायची आणि मग जांभळा रंग ओतून धुऊन टाकायचा. पेशी जगल्या असतील तर खळगा जांभळा राहतो, मेल्या असतील तर रंग पाण्याबरोबर निघून जातो आणि खळगा कोरा दिसतो. बाईंनी उभी हयात कोरे खळगे बघण्यात घालवली होती.

अधूनमधून एखादा अर्क असा जहाल निघे की विषाणूआधी तोच पेशींना गिळंकृत करी. रोगाबरोबर रोगीही खलास! अशा वेळी मामा फार चिडे. मामा म्हणजे पेशी वाढवणारा त्यांचा सहकारी. तो संस्थेत कुणाचाच मामा नव्हता, वयाने बाईंच्याच बरोबरीचा होता, पण पेशींचे लाड भाच्यांसारखे करी म्हणून तो मामा. "बाई, पुन्हा माझी लेकरं मारलीत ना?" असं म्हणत तो थाळी त्यांच्या टेबलावर आपटे. बाई शांतपणे पुढच्या झाडाकडे वळत. चिकाटी म्हणाल तर त्यांच्याकडे होतीच. हेकटपणा म्हणाल तर तोही होता.

आणि शिस्त! बाईंच्या खोलीत काचेचं भांडं कोणत्या पाण्याने धुतलं हे सांगता आलं नाही तर माणसाची धडगत नसे. "कुणी धुतलं? कशाने? किती वेळा?" या तीन प्रश्नांना संस्थेतले भलेभले बिचकत. एकदा संचालकांनी स्वतःचा चहाचा कप त्यांच्या मोरीत विसळला, तेव्हा त्यांचीही अशीच उलटतपासणी झाली होती. तेव्हापासून संचालक चहा आपल्या खोलीतच घेत.

घरी बाईंचे यजमान होते. हे गृहस्थ एका मोठ्या हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीचे मुख्य. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट, सगळं त्यांच्या नजरेखालून जाई आणि डाग राहिलेली चादर त्यांना परक्या मुलाने शिवी द्यावी तशी लागे. पुढे ते निवृत्त झाले. पहिले काही आठवडे त्यांनी घर घासूनपुसून काढलं. पडदे धुतले, पायपुसणी धुतली, बाईंची छत्री धुतली. मग घरात धुण्यासारखं काही उरलंच नाही आणि साहेब खिडकीशी खुर्ची टाकून बसले, ते बसलेच. दाढी दोन-दोन दिवस राहू लागली. संध्याकाळी बाई दारात आल्या की "आलीस?" एवढं म्हणत, आणि तेवढंच त्या दिवसाचं बोलणं असे.

बाई घाबरल्या होत्या. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, मामालाही नाही, पण संस्थेत थाळी तपासताना मध्येच त्यांना ती खिडकीशी ठेवलेली खुर्ची दिसे आणि मोजलेले खळगे परत मोजावे लागत. घरात माणूस असून घर रिकामं वाटावं, याला औषध कुठल्या झाडात शोधायचं?

औषध आलं ते बिघडलेल्या यंत्राच्या रूपाने. संस्थेतलं पाला सुकवण्याचं कपाट बंद पडलं. दुरुस्तीची फाइल या टेबलावरून त्या टेबलावर हवा खात फिरू लागली. इकडे नदीकाठून ओला पाला येऊन पडलेला. लवपाला म्हणत त्याला. जाडसर पानं, पानांवर मऊ लव आणि त्या लवेत रस्त्याची सगळी धूळ अडकलेली. जुनी माणसं खोकल्यावर वापरत म्हणून बाईंच्या यादीत त्याचा नंबर लागला होता. ओला पाला पोत्यात राहिला तर कुजणार. बाईंनी ते पोतं उचललं आणि सरळ घरी आणलं.

"हे काय?" खुर्चीतून प्रश्न आला.

"पाला आहे. सावलीत सुकवायचाय. तुम्हाला जमेल का हो?"

"जमेल का म्हणजे?" साहेब उठून उभे राहिले. "मी आख्ख्या हॉस्पिटलचे कपडे सुकवलेत. आणि तू मला पाला सुकवता येईल का विचारतेस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गुळगुळीत दाढी झालेली होती. त्या दिवशी बाई संस्थेत गेल्या त्या गुणगुणत गेल्या, आणि मामाने त्यांना बरं वाटत नाही का असं विचारलं.

साहेबांनी मागच्या गॅलरीत जुन्या खिडक्यांच्या जाळ्या लावून मांडण्या केल्या. पानं एकमेकांवर येणार नाहीत अशी पसरली. हात लावायची कुणाला मुभा नव्हती, बाईंनाही नाही. आठवड्याने त्यांनी बाईंच्या हातात कुरकुरीत, हिरव्यागार पाल्याची पिशवी ठेवली. एकही पान काळं पडलेलं नव्हतं. बाईंनी त्याचा अर्क काढला, पेशींवर घातला, मामाने विषाणू सोडला आणि बाई सवयीने निराश होऊन घरी गेल्या.

थाळी रंगवली त्या दिवशी मामा धावत आला. मामा धावतो हेच मुळात कुणी पाहिलं नव्हतं. थाळीत एकामागून एक जांभळे खळगे होते, भरगच्च, गर्द जांभळे. विषाणू जणू थाळीत उतरलाच नव्हता. बाईंनी थाळी उजेडात धरली, खाली ठेवली, पुन्हा धरली आणि म्हणाल्या, "विषाणू घालायला विसरलास का?" यावर मामा जो रुसला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत बोलला नाही.

विसरला नव्हता. परत केलं, परत जांभळं. मधल्या काळात कपाट दुरुस्त होऊन आलं, म्हणून पुढचा पाला बाईंनी संस्थेतच सुकवला. तो मात्र कोराच्या कोरा. मग पुन्हा घरी सुकवला, तर पुन्हा जांभळा! झाड तेच, काठ तोच, अर्क काढणारे हात तेच. फरक फक्त घरच्या गॅलरीचा.

इथे बाईंच्या बुद्धीला धुमारे फुटले. कपाटाच्या उष्णतेने नाजूक द्रव्य नष्ट होत असणार आणि गॅलरीतल्या संथ सावलीत ते टिकत असणार, नव्हे, पान हळूहळू वाळताना ते तयारच होत असणार! सिद्धांत असा देखणा जमून आला की बाई स्वतःच त्याच्या प्रेमात पडल्या. त्यांनी गॅलरीत तापमापक टांगला. हवेतला ओलावा मोजला, वारा कुठून येतो आणि कुठे जातो ते पाहिलं, ऊन कुठल्या फरशीपर्यंत सरकतं तिथे खडूने रेघ मारली. एवढं सगळं मोजलं. फक्त ज्याच्या हातून तो पाला जात होता, त्या माणसाला एका शब्दाने काही विचारलं नाही. कुणी, कशाने, किती वेळा हे प्रश्न बाई उंबऱ्याबाहेर ठेवूनच घरात येत. नवऱ्याला काय विचारायचं? तो पाला सुकवतो. पाला सुकवण्यात विचारण्यासारखं असतं तरी काय?

साहेबांना त्याचं वाईट वाटत नव्हतं. ते कामात बुडाले होते. त्यांनी जुन्या सहकाऱ्यांना गाठून सांगितलं, बहिणीला फोन करून सांगितलं, केस कापणाऱ्याला तर प्रत्येक वेळी नव्याने सांगितलं, की फ्लूवरचं औषध आमच्या गॅलरीत तयार होतंय. "तसं सगळं हिचंच आहे," असं शेवटी विनयाने म्हणत, पण 'आमच्या गॅलरीत' हे शब्द जरा मोठ्याने येत.

संचालकांना तर पंखच फुटले. त्यांनी सभागृहात कार्यक्रम ठरवला, पाहुणे बोलावले, पत्रकार बोलावले. विषय ठेवला 'सावलीचं सामर्थ्य'. आणि ज्यांच्या गॅलरीतून हे सगळं आलं त्या गृहस्थांना पहिल्या रांगेत बसवायचं, असंही जाहीर केलं. साहेबांनी त्यासाठी लग्नानंतर दोनदाच घातलेला कोट बाहेर काढला.

कार्यक्रमाच्या आठवड्याच्या सुरुवातीला बाईंचा घसा बसला आणि त्या दुपारीच घरी आल्या. आत पाणी वाहत होतं आणि साहेब कसलीशी चाल गुणगुणत होते. बाईंना बरं वाटलं. त्या हळूच मोरीच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

साहेब कोपरापर्यंत फेसात होते. समोरच्या टबात लवपाला तरंगत होता आणि फेस टबाच्या कडांवरून खाली ओघळत होता. एकेक पान दोन बोटांत धरून ते अंगठ्याने लव चोळत होते, तान्ह्या मुलाचे कान धुवावेत तसे. शेजारी भांडी घासायच्या साबणाची पिवळी बाटली उभी होती.

"लवकर आलीस?" त्यांनी मागे वळून पाहिलं. चेहरा नुसता उजळला होता. "बरी वेळ साधलीस. बघ, असं असतं काम. धूळ काय सहज निघते होय? लवेत घट्ट बसते. लोकांच्या पोटात जायचं औषध, त्यात रस्त्याची घाण कशी चालेल?"

"मग... पुढे पाण्यातून काढता ना?" बाईंच्या बसलेल्या घशातून जेमतेम आवाज निघाला.

"एकदा. जास्त भिजलं तर पान काळं पडतं. मी सगळं करून बघितलंय."

बाई "छान" म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन बसल्या. फ्लूच्या विषाणूभोवती चरबीचं पातळ वेष्टन असतं आणि साबणाने ते फाटतं, हे त्या दर वर्षी नव्या लोकांना पहिल्याच दिवशी शिकवत. म्हणूनच हात धुवायचे, असंही सांगत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे तर काखेत साबण होता आणि बाई गावभर फेस शोधत हिंडत होत्या.

तरी खात्री करायलाच हवी. दुसऱ्या दिवशी त्या पिवळ्या बाटलीतला चमचाभर साबण छोट्या बाटलीत घालून त्यांनी तो पर्समधून संस्थेत नेला. पाला नाही, अर्क नाही, नुसता साबण कमी-जास्त पाणी घालून विषाणूसोबत पेशींवर टाकायला सांगितला. मामाने बाटली हुंगली, बाईंच्या तोंडाकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच एकही प्रश्न न विचारता कामाला लागला.

थाळी तयार होईपर्यंतचे दिवस बाईंना जड गेले. घरी साहेब कोटाला इस्त्री करत होते. केली ती मनाला येईना म्हणून पुन्हा करत होते. "मला कुणी बोलायला सांगितलं तर?" त्यांनी जेवताना विचारलं. "दोनच वाक्यं बोलेन. तुझी लाज नाही काढणार." बाईंनी त्यांना आणखी भात वाढला. संशोधन गेलं तर जाऊ दे, अपयशाची त्यांना सवय होती. एक झाड गेलं तर दुसरं असतं. पण हा माणूस पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसला तर? खोटं बोलावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. झाडच बंद झालं, सरकारी आदेश आला, काहीतरी.

थाळी आली. दाट साबणाच्या खळग्यांत पेशी मेल्या होत्या, फार पातळ साबणात विषाणू जिंकला होता, आणि मधले खळगे गर्द जांभळे, हुबेहूब घरच्या पाल्यासारखे.

"अभिनंदन, बाई," मामा म्हणाला. "लिंबाचा वास आहे. पोरं आवडीने पितील." मग त्याने बाईंचा चेहरा पाहिला आणि गुपचूप खुर्ची पुढे सरकवली.

संचालकांना सांगणं त्या मानाने सोपं गेलं. "कार्यक्रम उद्यावर आलाय हो," ते म्हणाले. मग एकदम आशेने पुढे वाकले. "पण साबणातही काहीतरी वनस्पतीजन्य असेलच ना? लिंबू?"

"लिंबू बाटलीवरच्या चित्रात आहे, सर."

कार्यक्रम रद्द झाला. 'अपरिहार्य कारणास्तव' असा कागद सभागृहाच्या दारावर लागला, आणि बाई संध्याकाळची बस पकडून घरी निघाल्या. वाटेत त्यांनी साहेबांना सांगायची वाक्यं चार-पाच प्रकारे जुळवली. दारात पोचेपर्यंत त्यातलं एकही शिल्लक नव्हतं.

साहेब कोट घालून आरशासमोर उभे होते. बाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पाल्यात काही नाही. जे होतं ते साबणात होतं. कार्यक्रम नाही.

साहेबांनी आरशातूनच ऐकलं. "साबणाने जंतू मरतात," ते सावकाश म्हणाले, "ही बातमी तू मला देतेस?"

बाईंना हसू आलं नाही आणि त्यांनाही नाही. त्यांनी कोट काढला, हँगरवर नीट लावला, खांद्यावरचा नसलेला धागा झटकला. मग म्हणाले, "म्हणजे मी सगळं नासवलं."

"तुम्ही नाही."

"मग कुणी? टब माझा, हात माझे. तुझी एवढी वर्षं..." ते गॅलरीत गेले आणि मांडण्यांवरची जाळी सोडवायला लागले. एकेक खिळा काढून खिशात टाकत होते.

बाई मागे गेल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं. "जाळी राहू द्या," त्या म्हणाल्या. "अहो, ऐका तरी! संस्थेत झाडूवाल्यालासुद्धा मी विचारते, फरशी कशाने पुसलीस. तुम्हाला विचारलं नाही. मला वाटलं, तुमच्या कामात विचारण्यासारखं काय असणार! नासवलं ते मी नासवलं."

साहेबांचा हात थांबला. त्यांनी विचारलं, "मग उद्यापासून मी काय करायचं?"

"परवा नवीन पाला येतोय. दुसऱ्या झाडाचा."

"तो कपाटात सुकव. तुझं कपाट नीट झालंय आता."

"कपाटात पानं काळी पडतात. तुमच्या हातात एक पडलं नाही." बाईंनी डोळे पुसले, पालथी बादली ओढून तिच्यावर बसल्या आणि संस्थेत लोक ज्या आवाजाला घाबरत त्या आवाजात म्हणाल्या, "बसा समोर. पहिल्यापासून सांगा. पाल्याचं पोतं घरात आलं, की तुम्ही सगळ्यात आधी काय करता?"

साहेब बाईंकडे बघत राहिले. असं कुणी त्यांना हॉस्पिटल सोडल्यापासून विचारलं नव्हतं. खिशातले खिळे काढून त्यांनी कठड्यावर ठेवले, समोर बसले आणि घसा साफ केला.

"सगळ्यात आधी," ते गंभीरपणे म्हणाले, "मी हात स्वच्छ धुतो."

"कशाने?" बाईंनी विचारलं.

साहेबांनी तोंड उघडलं, आणि तसंच मिटलं. मग त्यांच्या खांद्यांना हिसके बसू लागले. बाईंना वाटलं, रडताहेत. त्या घाबरून उठल्या. पण ते हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, शब्द फुटेना इतकं, निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा.